सात नंबरची घंटी

२६ ऑक्टोबर १९६१, गुरुवार

आज हातून एक चांगलं काम झालं म्हणून वही उघडली. नाहीतर बाबांनी दिलेली ही वही जूनपासून कोरीच पडून होती. बाबा अकोटच्या कापसाच्या जिनात सरकी काढायच्या रेच्यांवर काम करतात. मला रेल्वेत सिग्नल मेंटेनरची जागा लागली तेव्हा वही हातात देऊन म्हणाले, "लिहीत जाय रे देवराव. आपल्या घरात कोनाच्या हातची लिहेल वही नाई." पण मी लिहू काय? आज तारेला तेल दिलं, उद्याही देणार आहे, हे?

तर झालं असं. आमचं पळसगव्हाण स्टेशन बडनेरा आणि अकोल्याच्या मधलं, लहानसं. इथं मेन लाईनीतून एक फाटा जिनाकडे जातो. तो जिथं फुटतो त्या सांध्याला जमिनीवर एक कुलूप आहे. कुलूप म्हणजे जाडजूड लोखंडी खुंटी. केबिनमधली सात नंबरची लिव्हर ओढली की लांब सळई सरकते, खुंटी भोकात जाऊन बसते, आणि सांधा पक्का होतो. त्यानंतरच सिग्नल पाडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. सळईच्या मधोमध लोखंडाचं एक कोपर आहे, त्याला कॉम्पेन्सेटर म्हणतात. वेचणीआधीची सीतादहीची पूजा आटोपली, कापसाच्या बैलबंड्या जिनाकडे निघाल्या, आणि बंड्यांची वाट नेमकी त्या कोपरावरून. आज खुशालरावांच्या बैलाचा खूर त्यात अडकला.

काय तो गोंधळ! बैल हंबरतोय, मागे पंधरा बंड्या खोळंबलेल्या, आणि खुशालराव कुऱ्हाड घेऊन सळईवर धावले. "तुमची रेल्वे गेली खड्ड्यात, पयले माहा बैल काढा!" बैल काढला. लंगडतोय, पण वाचला. मग मी गँगचे चार गडी घेतले आणि ते कोपरच उचलून चाळीस फूट केबिनकडे सरकवलं. तिथं जुना पाया तयारच होता. भर दुपार, सळईला हात लावला तर चटका बसायचा. घाम पुसत पुसत पेच फिरवले आणि खुंटीचं माप बसवलं, केसाचाही फरक नाही.

केबिनच्या खिडकीतून नत्थुजी बघत होते. अठ्ठावीस वर्षं लिव्हर ओढतायत. म्हणाले, "मधातून काहून हालवलं बावा?" मी म्हटलं, "कोपर ते कोपर, नत्थुजी. इकडे काय न तिकडे काय." ट्रेनिंगमध्ये मधोमध ठेवा असं सांगितलं होतं खरं, पण पुस्तकातल्या स्टेशनांत बैल नसतात.

बिघाड नोंदवायच्या फॉल्टबुकात काही लिहिलं नाही. फॉल्ट होता कुठे? बैल होता. खुशालरावांनी संध्याकाळी शेंगांची पिशवी पाठवली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीनंतर बायको, ललिता, इथं राहायला आली. क्वार्टर बघून म्हणाली, "एवढीच खोली? आमच्या शेंदूरजन्याले संत्र्याच्या पेट्या याहून मोठ्या जागेत ठेवतेत." आली तेव्हापासून बोलणं थांबलेलं नाही. पण खोली भरली, हे कबूल.

नत्थुजींनी आज वाटेत अडवलं. "मेंटेनरबाबू, सात नंबर सकायी हलकी लागून राहिली. पोकळ लागते हाताले." मी दुपारी जाऊन बघितलं. खुंटी पूर्ण बसलेली. तेल दिलेलं. तसं सांगितलं तर म्हणाले, "दुपारी नाई बावा. सकायी." आता लिव्हरला सकाळ-दुपार काय कळतंय? थंडीनं म्हाताऱ्याचे हात आखडत असतील. मार्चअखेर रिटायर होणार आहेत. मी म्हटलं हातमोजे घाला, तर हसले.

२ डिसेंबर, शनिवार

इन्स्पेक्टर नायडू साहेब स्वतः येऊन केबिनमध्ये विजेची घंटी बसवून गेले. दुसरीकडे कुठे तरी काही झालं म्हणे, आता जिथं जिथं असा फाटा आहे तिथं बसणार. मला ही घंटी फार आवडली. लिव्हर काय म्हणते याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिची तार थेट जमिनीवरच्या खुंटीला जोडलेली. सिग्नल पडलेला आहे आणि खुंटी पुरती बसलेली नाही, असं झालं की घंटी वाजणार.

ट्रेनिंगच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं: सांधा हलू शकत असेल तर गाडी नको, गाडी येत असेल तर सांधा हलायला नको. दोन्ही एकाच वेळी म्हणजे मरण. नायडू साहेबांनी आज नेमकं तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि रागानं. घंटी वाजली की केबिनमधल्यानं बुकात तारीख आणि वेळ लिहायची. नत्थुजींना अक्षरं जेमतेम येतात, पण आकडे पक्के आहेत.

५ डिसेंबर, मंगळवार

वाजली! सकाळच्या पॅसेंजरला. नत्थुजींनी सिग्नल पाडला आणि घंटी ठणठण करायला लागली. पाच-सहा ठोके, की बंद. मी धावत गेलो तोवर पॅसेंजर निघून गेली होती, दूधवाले अन् अकोल्याला शाळेत जाणारी पोरं घेऊन. बुकात पहिली नोंद: ६.४२.

मला तर मजाच वाटली. नवी घंटी आहे, काही तरी सैल राहिलं असेल. शोधायला काही तरी मिळालं एकदाचं.

घरी आलो तर ललिता खोबरेल तेलाच्या बाटलीत केसांच्या आकड्यानं कोरत बसलेली. "दगड झाला याचा. तुमच्या रेल्वेच्या खोलीत माणूसही गोठते."

९ डिसेंबर, शनिवार

या आठवड्यात चार वेळा वाजली. चारही वेळा सकाळची पॅसेंजर. दुपारच्या दोन्ही गाड्यांना एकदाही नाही.

मी काय काय केलं ते लिहून ठेवतो. बॅटरी बदलली. तार दोन्ही टोकांना उकलून पुन्हा आवळली. खुंटीजवळची पेटी उघडून पितळेच्या पट्ट्या घासल्या. घंटी काढून टेबलावर वाजवून बघितली, ठणठणीत. म्हणजे घंटी चांगली, तार चांगली, खुंटी चांगली, आणि तरी बोंब मारते. जेवताना मी एकटाच बडबडत होतो. ललिता म्हणाली, "तिले काही तरी सांगाचं असन." मी म्हटलं यंत्र आहे ते, जाऊबाई नाही. तिनं भाकर जरा जोरानंच वाढली.

स्टेशनमास्तर वैतागले आहेत. म्हणाले, "खोटी घंटी आहे. हा वऱ्हाड आहे, कापसाला काय तोटा? एक बोळा कोंबा आन् मोकळे व्हा." नत्थुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वाजली की लिहितात.

१५ डिसेंबर, शुक्रवार

या आठवड्यात सकाळची ड्युटी शेषरावची. केबिनमध्ये त्याची आणि नत्थुजींची आठवड्यानं पाळी बदलते. आणि घंटी गप्प! एकदाही नाही. माझ्या घासण्याचाच गुण म्हणायचा. कडाक्याची थंडी आहे, ललितानं तेलाची बाटली चुलीपाशी ठेवायला सुरुवात केली. मी नायडू साहेबांना कार्ड टाकलं: फॉल्ट दुरुस्त.

१९ डिसेंबर, मंगळवार

कार्ड टाकायची घाई नडली. काल वाजली, आज वाजली.

आज मी ठरवून सकाळीच केबिनमध्ये जाऊन बसलो. नत्थुजींनी सात नंबर ओढली, सिग्नल पाडला, घंटी सुरू. मी खिडकीतून खुंटीजवळच्या पेटीकडे बघतोय तर मागे घंटी बंद. वळून बघतो तर म्हातारा सात नंबरला खांदा लावून, अंग टाकून उभा, डोळे मिटलेले. पॅसेंजरचा शेवटचा डबा जाईपर्यंत तसेच. मग सरळ झाले, घाम पुसला. एवढ्या थंडीत घाम! मी म्हटलं, "नत्थुजी, उभ्या उभ्या डुलकी?" म्हणाले, "हव. बुढा झालो न बावा." चहा दिला. मी या केबिनमध्ये पहिल्या दिवशी पाय ठेवला तेव्हा याच माणसानं न विचारता आपल्या लोट्यातलं पाणी पुढे केलं होतं. जातपात काढायची त्यांना सवय नाही. पण लिव्हरवर झोपणं बरं नव्हे, एकदा नीट सांगायला पाहिजे.

२१ डिसेंबर, गुरुवार

आभाळ भरून आलंय, उबारा आहे. ललितानं डोक्याला तेल थापलं, बाटलीतून आपसूक ओघळलं म्हणून खूश. सकाळी घंटी वाजली नाही. नत्थुजीही लिव्हरला टेकले नव्हते, खिडकीत उभे होते. हे काय गौडबंगाल आहे, मला काही समजत नाही.

३१ डिसेंबर, रविवार

वर्ष संपलं. दुपारी बुक घेऊन बसलो आणि सगळ्या तारखा एका कागदावर उतरवल्या. उतरवून पुन्हा मोजल्या. एकूण आठ वेळा वाजली. आठही वेळा नत्थुजींची ड्युटी. शेषरावच्या दोन्ही आठवड्यांत शून्य.

म्हणजे घंटी नाही, तार नाही, माणूस. लिव्हरवर अंग टाकतो तेव्हा सळई हलते आणि घंटी वाजते, याशिवाय दुसरा अर्थच निघत नाही. मला हे पटत नाही, पण कागदावर तर तसंच आहे. आणि खरं सांगतो, गुंता सुटला म्हणून थोडा आनंदही झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.

४ जानेवारी १९६२, गुरुवार

नायडू साहेब न कळवता पहाटेच्या मालगाडीनं आले. बुक बघितलं. मला विचारलं, "वेल?" मी माझा कागद दाखवला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नाही, हुशारी दाखवायची ना! मी सांगून टाकलं की नत्थुजी कधी कधी लिव्हरला टेकतात.

मग पॅसेंजरच्या वेळी साहेब जिन्यात लपून उभे राहिले. सिग्नल पडला, घंटी वाजली, साहेब वर येतात तर नत्थुजी सात नंबरला खांदा लावून उभे. साहेबांनी विचारलं, सिग्नल पडलेला असताना लिव्हरशी खेळ का करता? नत्थुजी म्हणाले, "खेळत नाई साहेब. धरून राहिलो." एवढंच. पुढे किती विचारलं तरी बोलले नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

नत्थुजींना ड्युटीवरून उतरवलं. अठरा तारखेला अकोल्याला चौकशी. साहेबांनी माझी पाठ थोपटली, मार्चमध्ये तुझी नोकरी पक्की होताना हे लक्षात ठेवीन म्हणाले. पाठ अजून जळते आहे.

५ जानेवारी, शुक्रवार

नत्थुजींची बायको पार्बताबाई ललिताकडे आली होती. रडली नाही. म्हणाली, "अठ्ठावीस वर्सं एक गाडी उलटी नाई गेली याच्या हातून. आता जाता जाता कपायी डाग. माणूस जेवत नाई व माय." ललितानं तिला कालवण बांधून दिलं आणि ती गेल्यावर माझ्याशी बोलली नाही. ही बाई बोलत नाही म्हणजे काय, हे मला आज कळलं.

१० जानेवारी, बुधवार

माझ्या डोक्यातून ते "धरून राहिलो" जाईना. खेळणं आणि धरणं यात फरक आहे. धरतो माणूस ते, जे सुटत असतं.

सकाळी शेषरावच्या ड्युटीत केबिनमध्ये गेलो. अशी थंडी की दात वाजत होते. त्यानं सात नंबर ओढली, सिग्नल पाडला, बिडी पेटवली. घंटी गप्प. मी म्हटलं आता हात लावून तरी बघू. घंटीच्या वाटीत बोट घातलं तर आत कापूस! चांगला मूठभर, दाबून बसवलेला. उपसला तर ठणठणठणठण, कान किटले. थांबेच ना. पॅसेंजर पुलाशी आली तरी वाजतेच आहे. मी सात नंबरवर झेप घेतली आणि नत्थुजी टेकत तसं खांदा लावून सगळं अंग टाकलं. बंद झाली. गाडी खिडकीखालून धडधडत गेली आणि मी डोळे मिटून उभा. घाम आला. मला त्यांचा घाम आठवला.

शेषराव म्हणतो, "काहून चिडता बावा? कानाले तरास होते. मास्तरनंच सांगतलं होतं." बुकात त्याच्या दोन आठवड्यांत शून्य का, ते समजलं. वाजत होती रोजच. जो खरं लिहीत होता तोच कागदावर चोर ठरला. आणि तो कागद मी केला.

११ जानेवारी, गुरुवार

आज सिग्नल पडल्यावर केबिनमध्ये न थांबता थेट सांध्यापाशी गेलो. शेषरावला दम भरला होता, खांदा काढशील तर याद राख. मालगाडीच्या आधी, मास्तरांना सांगून, एकदा त्याला खांदा काढायला लावला. खुंटी पाव इंच मागे. डोळ्यांनी बघितली. लिव्हर म्हणते बसली, जमिनीवर बसलेली नाही.

दुपारी दोनला पुन्हा बघितलं. पूर्ण बसलेली. मी काही एक केलेलं नसताना! नत्थुजी म्हणाले होते, दुपारी नाही, सकाळी.

सळई थंडीनं आखडते, हे तर पोरालाही कळतं. पण आखडलेलं सांभाळून घ्यायलाच तर कॉम्पेन्सेटर असतो. त्याला मी स्वतः तेल पाजतो. तो काय झोपला? उद्या सगळ्या तारखा पुन्हा लावून बघतो. कोणत्या दिवशी किती थंडी होती हे कुठे लिहिलेलं असेल? मास्तरांकडे थर्मामीटर नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

लिहिलेलं होतं. इथंच.

दुपारी जेवून ही वही उघडली. पाच डिसेंबर, तेलाचा दगड, घंटी वाजली. पंधरा डिसेंबर, बाटली चुलीपाशी, घंटी गप्प, पण तो कापसाचा आठवडा. एकवीस डिसेंबर, तेल ओघळलं, घंटी नाही. मी ओरडलोच. "ललिता, तुझी तेलाची बाटली माझ्या घंटीपेक्षा हुशार आहे!" आठवड्यानं ती पहिल्यांदा हसली. "मंग? म्या म्हटलं नव्हतं, तिले काही सांगाचं हाये?"

त्याच भरात मागची पानं उलटत गेलो, आधी कधी थंडी पडली ते बघायला. सव्वीस ऑक्टोबरचं पान आलं. माझं पहिलं पान. "चाळीस फूट केबिनकडे सरकवलं."

पुढे वाचवेना. कॉम्पेन्सेटर मधोमध असतो तो उगाच नाही. दोन्ही बाजूंची सळई सारखी लांब असली तरच एका बाजूचं आखडणं दुसऱ्या बाजूचं आखडणं फेडून टाकतं. मी एक बाजू लांब केली, एक तोकडी, आणि वर भर उन्हात, चटके बसत असताना, माप घेतलं. थंडीच्या सकाळी ते माप कसं टिकणार? नत्थुजींनी तेव्हाच विचारलं होतं, मधातून काहून हलवलं.

ते धरून राहिले होते ते माझं पाप. पंधरवड्यामागून पंधरवडा.

आता जे डोक्यात आलं तेही लिहितो, कारण वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला. हे कुणालाच माहीत नाही. फॉल्टबुकात नाही. गँगचे गडी दुसऱ्या सेक्शनला गेले. उद्या दुपारी गुपचूप कोपर परत मधोमध नेलं की घंटी जन्माची गप्प. मार्चमध्ये मी पक्का. आमच्या घरातला पहिला सरकारी नोकर. बाबा अकोटच्या जिनात सगळ्यांना सांगत फिरतात, माहा देवराव रेल्वेत हाये.

पण मग साहेब म्हणतील, बघा, म्हाताऱ्याला काढलं आणि घंटी थांबली.

१३ जानेवारी, शनिवार

ललिताला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "तुमची नोकरी गेली त आपन शेंदूरजन्याले जाऊ. माह्या बापाच्या बगीच्यात संत्री तोडा, काही बिघडत नाई. पन पार्बताबाईच्या तोंडाकडे मी कशी पाहू, थे सांगा मले." मी म्हटलं, आणि बाबांच्या तोंडाकडे मी कसा पाहू? तर म्हणते, "मामंजीनं वही देली न तुमाले? कोरी ठेवाले देली का?"

उठलो. सांध्याला लोखंडी पकड लावून मोठं कुलूप ठोकलं, किल्ली मास्तरांच्या हवाली केली. जिनाकडचे डबे बंद, पॅसेंजर हळू जाईल, पण आता कुणाला खांदा लावायला नको. कोपर मात्र जिथं मी ठेवलं तिथंच ठेवलंय. साहेबांनी ते तिथंच बघितलं पाहिजे. मास्तर म्हणाले, "देवराव तेलगोटे, वेडे आहात काय?" असेन. कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१८ जानेवारी, गुरुवार. अकोला स्टेशन, वेटिंग रूम

चौकशी अकरा वाजता. आता सव्वादहा. नत्थुजी शेजारी बसलेत, धुतलेलं धोतर, युनिफॉर्मचा कोट, मांडीवर भाकरीचं फडकं. मला विचारलं, "काय लिहून राहिला बावा?"

मी म्हटलं, "ऐका." आणि सव्वीस ऑक्टोबरचं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. कोपर ते कोपर, इकडे काय न तिकडे काय, तेसुद्धा. मग म्हटलं, "नत्थुजी, हे सगळं माझ्यामुळे झालं. आणि तुम्ही टेकता हे साहेबांना सांगणाराही मीच."

त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

"काय?"

"तू थे कोपर हालवलं, अन् थंडी पडताच सात नंबर हलकी झाली. मी काही शिकेल नाई, पन हाताले समजते. म्हनून तुले सांगतलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलं? मी ऐकत नव्हतो तर साहेबांना सांगायचं!"

"सांगतलं असतं त तुले घरी पाठवलं असतं. तू कच्चा, मी पक्का." फडकं नीट करत म्हणाले, "मले वाटे, दोन महिने हिवाळा. मी धरतो. होयी आली, ऊन तापलं की आपसूक बसन. माह्या पाळीत त मी होतो न." मग मान खाली घालून, "शेषरावच्या पाळीचा मी इचार नाई केला बावा. थे घंटी चूप राहे न, मले वाटे थोही धरत असन. थे माही चूक. मीबी सांगीन आता."

मला रडू आलं. वेटिंग रूममध्ये, लोकांसमोर. त्यांनी फडकं सोडलं, अर्धी भाकर माझ्या हातात दिली, म्हणाले, "खाय. उपाशी माणसाची जबान लडखडते."

शिपाई बोलवायला आला. वही साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

नायडू साहेब, आपण दुभाष्याकडून वाचून घ्याल. मधल्या पानांत आपल्याबद्दल, मास्तरांबद्दल आणि माझ्या घरच्या भांडणांबद्दल आहे, ते तसंच राहू दिलंय. एक पानही फाडलेलं नाही, शिवण मोजून बघा. पण सव्वीस ऑक्टोबर आधी वाचा.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वही काल टपालानं परत आली. सव्वीस ऑक्टोबरच्या कडेला लाल पेन्सिलीची रेघ. आणि गंमत म्हणजे, तेलाच्या बाटलीचा जिथं जिथं उल्लेख आहे तिथं खाली दोन-दोन रेघा. ललितानं त्या रेघा आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली आहे.

माझी नोकरी आणखी एक वर्ष कच्ची. साहेब म्हणाले, काढणारच होतो, पण कोपर जागचं हललेलं नव्हतं. बाबांना पत्र लिहून सगळं कळवलं. उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, एकच ओळ: वही भरली की दुसरी घेऊन देतो. शेषरावची बदली झाली. नत्थुजींना ताकीद मिळाली, इन्स्पेक्टरला न कळवल्याबद्दल. पण डाग नाही. सोमवारपासून सकाळच्या ड्युटीवर आहेत.

बंड्यांची वाट खुशालरावांनी स्वतः माणसं लावून पन्नास हात पलीकडे वळवली. कोपर पुन्हा मधोमध नेलं, पेच पहाटेही बसवले आणि दुपारीही तपासले, आणि या वेळी सगळं फॉल्टबुकात लिहिलं, बैलासकट.

काल-आज पुन्हा गारठा पडलाय. ललिताच्या बाटलीत दगड. सकाळी मी केबिनमध्ये होतो. नत्थुजींनी सात नंबर ओढली आणि जरा थांबले, नुसता हात ठेवून. मग सिग्नल पाडला. आम्ही दोघंही घंटीकडे बघत होतो. पॅसेंजर पुलावर आली, शिट्टी झाली, घंटी गप्पच.

"पोकळ नाई आता. भरली लिव्हर," नत्थुजी म्हणाले. त्यांनी लिव्हरवरचा हात काढला, खिडकीशी गेले, आणि दोन्ही हात मागे बांधून गाडी जाताना बघत उभे राहिले.